मौनीकाकांचं तोंड आलं

कुठल्याही खुर्चीवर ते लगेच बसत नाहीत. आधी वाकून तिच्या पोटाखाली बघतात. मग कडेवर अंगठा दाबतात. मग बसतात.

जांभई तोंड मिटून देतात. हसतात नाकातून. शिंक येणार असली की उजवा हात वर करतात, आणि दुकानातलं सगळं काम तेवढा वेळ थांबतं.

गरम चहावर फुंकर घालत नाहीत. तो गार व्हायची वाट बघतात.

तीन आवाजांत बोलतात. ‘हं’ म्हणजे हो. ‘उंहूं’ म्हणजे नाही. ‘हंऽऽ’ असा लांबवला, की समोरचा माणूस मूर्ख आहे, पण ते समजावून सांगायला आत्ता सवड नाही.

कारण साधं आहे. त्यांच्या तोंडात खिळे असतात.

मौनीकाका खुर्च्या मढवतात. सोफे, आरामखुर्च्या, दवाखान्यातली बाकं, न्हाव्याच्या फिरत्या खुर्च्या. जुनं कापड फाडायचं, आतली धूळ झाडायची, नवे पट्टे ताणायचे. वर काथ्या, त्यावर कापूस, त्यावर कापड नाहीतर चामडं. मग चारी कडांनी बारीक खिळे, एका खुर्चीला दोनशे तरी. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी. खिळा धरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. म्हणून या धंद्यातले जुने लोक खिळे तोंडात ठेवतात. जीभ एकेक खिळा वेगळा करते, वळवते, डोकं पुढे करून ओठांत आणून देते. हातोडीचं टोक लोहचुंबकाचं. ते ओठांशी न्यायचं, खिळा चिकटतो, ठक. पुन्हा ओठ, पुन्हा ठक. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस हातोडीचे मुके घेतोय.

लोक मूग गिळून गप्प बसतात. मौनीकाका खिळे न गिळता गप्प बसत. पस्तीस वर्षं. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं. पाटी उन्हाने पुसली गेली आणि ती पुन्हा रंगवायला हवी असं कुणालाच वाटलं नाही.

ज्या म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली ते शिकले, त्याने पहिल्या दिवशी त्यांच्या तळहातावर पाच खिळे ठेवले होते. म्हणाला, “ओठांतून आत, ओठांतूनच बाहेर. घशाचा रस्ता बंद. एक जरी गिळलास तर उद्या कामावर येऊ नकोस. येता यायचंच नाही.”

मौनीकाकांनी हे इतकं मनावर घेतलं की पुढची सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

दुकान आता पुतण्या चालवतो. थोरल्या भावाचा मुलगा. चांगला आहे. फक्त त्याला सगळं काल व्हायला हवं असतं. त्याने गेल्या वर्षी हवेवर चालणारी पिन मारायची बंदूक आणली. कोपऱ्यात यंत्र घरघरतं, नळीतून हवा येते, घोडा दाबला की फट्. एक पिन आत. मौनीकाकांना तो आवाज सहन होत नाही. ठक म्हणजे काहीतरी जोडलं गेलं. फट् म्हणजे काहीतरी फुटलं.

मग सभागृहाच्या खुर्च्या आल्या. नगरसभेच्या मोठ्या सभागृहाच्या बेचाळीस खुर्च्या, लाल चामड्याच्या, सगळ्यांची कंबर खचलेली. मुदत सहा आठवडे.

“दहा दिवसांत उडवतो,” पुतण्या म्हणाला आणि बंदुकीकडे गेला.

मौनीकाकांनी डावा हात तोंडाखाली धरला. खिळे बाहेर काढले. दुकानात हे इतकं क्वचित घडे की पुतण्या थांबला.

“या खुर्च्या मी मढवल्यात,” मौनीकाका म्हणाले. “चोवीस वर्षांपूर्वी. खिळ्यांनी. आता पण खिळ्यांनीच होतील.”

“काका, आठवड्याला सात करायला लागतील. या वयात?”

“या वयात.”

पुतण्या विचारात पडला. तो हिशेबी आहे, पण निर्दयी नाही. “बरं. पण मध्येच कधी सात खुर्च्या मागे पडलात, तर उरलेल्या बंदुकीने. आणि मग यापुढे सगळंच बंदुकीने. तुम्ही टेबलाशी बसून कापड कापायचं. कबूल?”

कापड कापणं हे दुकानात निवृत्तीचं दुसरं नाव आहे.

“हं,” मौनीकाका म्हणाले. खिळे परत आत गेले.

पहिल्या आठवड्यात सात खुर्च्या झाल्या. सातवीखालून उठताना मौनीकाकांना भोवंड आली. दोन पावलं तिरकी पडली, एवढंच. पण ती पुतण्याने बघितली, पुतण्याने काकूंना सांगितलं आणि काकूंनी लेकीला फोन केला.

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. तीस वर्षं दिवसभर बोलत, ऐकत, जोडून देत. घरी आल्यावर गप्प नवरा मिळणं त्यांना तेव्हा वरदान वाटे. मैत्रिणींना सांगत, “आमच्याकडे भांडणाचा प्रश्नच येत नाही. एक जण थकलेली असते आणि एकाच्या तोंडात खिळे असतात.” निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. फोन मात्र त्या अजूनही ताठ बसून करत.

लेक दुसऱ्या दिवशी तीन डबे घेऊन आली. एकात लोहाच्या गोळ्या, काळपट लाल. दुसऱ्यात केशरी, सी जीवनसत्त्वाच्या. तिसऱ्यात पांढऱ्या, जस्ताच्या.

“बाबा, साठी उलटली की नुसत्या जेवणातून सगळं मिळत नाही. बाहेरून द्यावं लागतं.”

“हं.”

“रोज एकेक. विसरायचं नाही.”

“उंहूं.”

“आणि हे कामावर घ्यायचं, दहा वाजता. आई डबीत भरून देईल.”

मौनीकाकांनी डबी खिशात टाकली. ते विसरले नाहीत. ते कधीच काही विसरत नाहीत. रोज दहाच्या ठोक्याला खिळ्यांबरोबर गोळ्याही तोंडात जात.

दुसऱ्या आठवड्यातही सात खुर्च्या झाल्या. पण शेवटच्या दोन करताना जीभ अडखळायला लागली. खिळा वळवायला गेली की चुरचुरे. घरी जेवताना पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“तिखट झालंय?” काकूंनी विचारलं.

“उंहूं.”

“मग रडताय कशाला?”

मौनीकाकांनी जीभ बाहेर काढली. काकूंनी चष्मा लावला. टोकावर आणि कडेला लाल पुटकुळ्या, मोहरी सांडावी तशा. गालाच्या आत पांढरा चट्टा.

“अगंबाई! तोंड आलंय तुमचं!”

लगेच फोन. लेकीने फोटो मागवला. मौनीकाका खिडकीशी जीभ काढून उभे राहिले, काकूंनी सहा फोटो काढले, त्यातले चार भिंतीचे आले. फोटो बघून लेक म्हणाली, “कमतरता आहे, आई. जिभेवर सगळ्यात आधी दिसतं. डोस कमी पडतोय.”

“मग?”

“दुप्पट कर.”

काकूंनी दुप्पट केला. तीनच्या सहा झाल्या. पुटकुळ्या बाराच्या वर गेल्या.

मौनीकाका गार दुधात पाव बुडवून खायला लागले. दुकानात हातोडी ओठांशी यायची आणि ओठ मागे सरकायचे. एक खिळा पूर्वी श्वासासरशी निघे, आता त्याला विनवावं लागे. पुतण्या दोन दिवस बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने घरी येऊन पुराव्यानिशी खटला मांडला.

“काकू, ते खिळे कुठून येतात माहितीये? खोक्यातून. खोकं कुठे असतं? जमिनीवर. त्यात गंज, धूळ, तेल. पस्तीस वर्षं लोखंड चघळतोय हा माणूस. जीभ आहे का कानस?”

“अहो, खरं बोलतोय तो.”

“हंऽऽ,” मौनीकाका म्हणाले.

“हंऽऽ काय हंऽऽ! उद्यापासून एक खिळा तोंडात गेला तर याद राखा.”

काकूंनी त्यांच्या शर्टाचे खिसे झाडले. तीन खिळे निघाले. पँटचे झाडले. सात निघाले. चष्म्याच्या घरात दोन होते. बाकी सगळं डोकं शांत ठेवून सहन करणाऱ्या काकूंचा त्या दोनांनी तोल गेला.

“चष्म्याच्या घरात! आणि चष्मा कुठे ठेवता?”

चष्मा टीव्हीवर होता.

बंदी लागू झाली. पुतण्या दुकानात पहारेकरी. मौनीकाका खिळे बोटांनी उचलायला लागले. खोक्यात हात, चिमटीत खिळा, तो सुलटा करा, कापडावर टेका, मग हातोडी. कापड ताणून धरायला हात उरला नाही. ते गुडघ्याने धरलं. गुडघा घसरला, हातोडी अंगठ्यावर. पहिल्या दिवशी अर्धी खुर्ची झाली आणि अंगठा जांभळा झाला. सभागृहाच्या खुर्च्या भिंतीला ओळीने लावलेल्या होत्या. रोज जाताना मौनीकाका त्या बघत आणि पुतण्या मौनीकाकांना बघे. कापायचं टेबल पुतण्याने गुपचूप झाडून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती गोष्ट घडली.

तोंड रिकामं होतं. रिकाम्या तोंडाचं काय करायचं असतं हे मौनीकाकांना ठाऊक नव्हतं. जीभ दुखत होती, पण नुसती पडून राहणंही तिला जमेना. एक बाई सोफा दाखवायला आल्या होत्या. मौनीकाकांनी सोफ्याच्या फटीत हात घातला आणि अचानक म्हणाले, “डावीकडे तुमचे यजमान बसतात.”

बाई दचकल्या. पुतण्याही दचकला.

“उजव्या खिशात जाड पाकीट ठेवतात, म्हणून कलून बसतात. स्प्रिंग तिथेच मोडलीय. तुम्ही मध्ये बसता. पण पाठ टेकत नाही. का बरं? सारखं उठावं लागतं म्हणून. उजव्या टोकाला बसणारी व्यक्ती रागावलेली असते. हाताच्या कापडाला नखं लागलीत.”

“सासूबाई,” बाई हळूच म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

मग मौनीकाका थांबेचनात. पस्तीस वर्षांचं साचलेलं होतं. गावातला प्रत्येक माणूस कसा बसतो हे त्यांना माहीत होतं. कोण टेकून बसतो, कोण काठावर, कोण खुर्चीचे दोन पाय उचलून. सोफ्यांच्या पोटातून काय काय निघालं, तेही त्यांनी सांगितलं. बटणं, केसांच्या पिना, एका वकिलाचा दात, एका मास्तरांची प्रेमपत्रं. पत्रं मास्तरांनी लिहिलेली होती, पण टाकली नव्हती. मौनीकाकांनी ती नव्या कापसात परत शिवून दिली होती.

“वाचली?” पुतण्याने विचारलं.

“पहिलं वाचलं. मग वाटलं, हे शिवून टाकावं.”

दुपारी शेजारचा चष्मेवाला आला. मग शिलाईयंत्र दुरुस्त करणारा. मग चहावाला कप न्यायला आला आणि कप न नेता बसला. मौनीकाका बोलत होते आणि मध्येच “आई गं” म्हणून गाल धरत होते आणि पुन्हा बोलत होते. जिभेला हाड नसतं म्हणतात. इथे जिभेला पुटकुळ्या होत्या, तरी ती थांबत नव्हती.

बातमी काकूंपर्यंत गेली. त्यांना वाटलं, काहीतरी झटका आला. चपला उलट्या घालून धावत आल्या. दारात उभ्या राहिल्या. आत नवरा आठ माणसांना समजावत होता, की न्हाव्याच्या खुर्चीत माणूस स्वतःच्या घरापेक्षा खरा बसतो.

त्या चार वाजेपर्यंत दाराशी उभ्या होत्या. कुणी स्टूल दिलं ते त्यांना दिसलं नाही.

त्या आठवड्यात घरीही बोलणं झालं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. काकूंना कळलं की त्यांच्या लग्नाच्या दिवशी मांडवातल्या खुर्च्या वाईट होत्या आणि नवऱ्याने तो सगळा वेळ त्याच दुःखात काढला होता. त्यांना कळलं की एक्स्चेंजच्या ऑपरेटर बायकांच्या खुर्च्या एकदा दुकानात आल्या होत्या, तेव्हा त्यांची खुर्ची कुठली ते नवऱ्याने न विचारता ओळखलं होतं.

“कशावरून?”

“पुढची कड झिजलेली. तू ऐकताना पुढे सरकतेस.”

काकू बराच वेळ ताट पुसत राहिल्या.

खुर्च्या मात्र रखडल्या. आठवड्यात फक्त तीन. हिशेबाने चार मागे. शिवाय तोंड बरं झालं नाही. उलट चट्टा वाढला, पुटकुळ्या जिभेच्या मागपर्यंत गेल्या. मौनीकाकांनी हा मुद्दा बरोबर पकडला.

“आठ दिवस खिळा नाही तोंडात. तरी वाढलंय. मग खिळ्यांनी काय केलं? चोर सोडून संन्याशाला फाशी.”

“मग चोर कोण?” काकूंनी विचारलं.

ते शोधायला दोघं दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेले.

डॉक्टरबाई तरुण होत्या. मौनीकाकांनी तिथल्या खुर्चीच्या पोटाखाली वाकून बघितलं, तेव्हा त्या हातमोजे चढवत होत्या.

“आ करा. मोठा. अजून.” त्यांनी दिवा जवळ ओढला. “गंमतच आहे. सगळं डावीकडे आहे. डावा गाल, जिभेची डावी कड. उजवीकडे काहीच नाही, अगदी स्वच्छ. उजवीकडे काय वेगळं करता?”

“उजवीकडे खिळे असतात,” काकू म्हणाल्या.

“काय असतात?”

“खिळे. लोखंडी. वीसेक.”

डॉक्टरबाईंनी हातातला आरसा खाली ठेवला.

काकूंनी धंदा समजावला. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं, मग खिळ्यांवर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. दात झिजतो, हिरडी फाटते, आणि एखादा चुकून श्वासाबरोबर गेला तर थेट फुप्फुसात. मौनीकाकांनी तेही ऐकून घेतलं.

“आणि डावीकडे?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“डावीकडे काही नाही,” काकूंनी ठामपणे सांगितलं.

“बघू नंतर. आधी दुखणं कमी करू. ही गोळी इथेच घ्या.”

मौनीकाकांनी गोळी तोंडात टाकली. पाणी प्यायले. ग्लास खाली ठेवून शांत बसले. डॉक्टरबाई कागदावर लिहीत होत्या. दोन मिनिटांनी त्यांनी वर बघितलं.

“गिळली ना?”

“उंहूं.”

“पाणी प्यायलात की!”

“पाणी गिळलं.”

“आणि गोळी?”

मौनीकाकांनी बोटाने डावा गाल दाखवला.



“अहो,” काकू म्हणाल्या, “म्हणजे रोजच्या त्या तीन...”

“सहा. तू दुप्पट केल्यास ना.”

“त्या सगळ्या गालात?”

“उजवीकडे जागा नसते. खिळे असतात.” हे त्यांना अगदी उघड वाटत होतं. “विरघळतात की. बारापर्यंत काही राहत नाही.”

“दहापासून बारापर्यंत!” डॉक्टरबाई उभ्या राहिल्या. “काका, लोहाची गोळी तोंडात धरली तर आतून भाजल्यासारखं होतं. आणि सी म्हणजे नुसतं आंबट. दोन तास! गोळ्या गिळायच्या असतात.”

“मी तोंडातलं कठीण काही गिळत नाही.”

“मग जेवता कसे?”

“चावून.”

“अहो, पण का नाही गिळत?”

मौनीकाकांनी विचार केला. इतका साधा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. “घसा बंद होतो,” ते म्हणाले. “आपोआप. कठीण लागलं की बंद. तो काही गोळी आणि खिळा असा भेद करत नाही. मी त्याला तसं शिकवलंच नाही.”

“मग सांगायचं नाही का!” काकू ओरडल्या.

“कुणी विचारलं?”

डॉक्टरबाईंना हसू येत होतं. त्यांनी ते मास्कमध्ये ठेवलं. “गोळ्यांमुळेच असणार, बहुधा.”

“बहुधा म्हणजे?” मौनीकाका सरळ बसले. त्यांच्या हातात आता जांभळा अंगठा होता आणि डोक्यात कापायचं टेबल. “नक्की सांगा, डॉक्टरबाई. माझं काम आहे त्यावर.”

“नक्की असं आत्ता नाही सांगता येणार. गोळ्या बंद करू पंधरा दिवस. रक्त तपासून घ्या, लोहाची गरज होती का तेही कळेल. खिळेही बंद.”

“दोन्ही बंद केलं आणि बरं झालं, तर कुणामुळे झालं होतं ते कसं कळायचं?”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “मुद्दा बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पण खिळे तोंडात ठेवा असं मी कागदावर नाही लिहू शकत. मला तो सल्ला द्यायचाही नाही.”

“नका देऊ. नका लिहू.”

कागदावर लिहिलेलं होतं, गोळ्या बंद. खिळ्यांचा उल्लेख नव्हता. मौनीकाकांनी तो कागद पुतण्यासमोर धरला आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून दाखवलं की खिळ्यांचा उल्लेख नाही.

“डॉक्टर तोंडी काही बोलल्या असतील,” पुतण्या म्हणाला.

“हंऽऽ.”

रक्ताचा अहवाल आला. लोह भरपूर. लेकीने दोनदा वाचला आणि हळूच तिन्ही डबे पर्समध्ये टाकले. पुतण्या म्हणाला, “असणारच. खिळ्यांचा अर्क आहे तो.” पण त्या दिवशी त्याने यंत्राचं बटण दाबलं नाही.

चौथ्या दिवशी चुरचुर कमी झाली. सातव्या दिवशी मौनीकाकांनी चहा गरम असताना घेतला. दहाव्या दिवशी काकूंनी चष्मा लावून बघितलं, तर मोहरी नाहीशी झाली होती. चट्ट्याच्या जागी नुसता गुलाबी डाग. खिळे या सगळ्या काळात उजव्या गालात होते. आधी पाच, मग दहा, मग पूर्वीसारखे मूठभर.

ते सात खुर्च्या कधीच मागे पडले नाहीत. एकदा पाच पडले, तेवढंच. मग दिवसाला दीड खुर्चीचा वेग आला. मागच्या खोलीतून सकाळपासून ठक ठक ठक, घड्याळ वेगात लावल्यासारखं. लाल चामडं कडांवर ताठ बसत होतं, खिळ्यांच्या रांगा सरळ. पुतण्याने वाकडेपणा शोधायला एकदा सुतळी लावली. हरला. दुसऱ्या दिवशी त्याने कापायच्या टेबलावर चामड्याच्या गुंडाळ्या रचून ठेवल्या, कुणाला तिथे बसता येऊ नये इतक्या.

आणि दुकान शांत झालं.

चष्मेवाला दोनदा डोकावून गेला. चहावाला कप घेऊन लगेच निघायला लागला. सोफावाल्या बाई सोफा न्यायला आल्या तेव्हा दहा मिनिटं उभ्या होत्या. “त्या दिवशी म्हणत होतात, उजव्या टोकाला बसणारी...” मौनीकाकांनी मान हलवली. “हं.” बाई गेल्या.

घरीही तेच. दिवसभर काम केलेली जीभ संध्याकाळी दमलेली असे. जेवण, बातम्या, झोप. काकू ताटावर पुढे सरकून बसत. समोरून ‘हं’ येई.

बेचाळिसावी खुर्ची अध्यक्षांची होती. उंच पाठ, दोन्ही हातांना चामडं. शेवटचा दिवस. दाराशी टेम्पो लागला होता, त्यात एकेचाळीस खुर्च्या चढल्या होत्या आणि टेम्पोवाला सारखा घड्याळ बघत होता. अध्यक्षांच्या खुर्चीच्या तीन कडा झाल्या होत्या. डावी कड राहिली होती. अर्ध्या तासाचं काम.

काकू आत आल्या. पुतण्याला वाटलं, कौतुक करायला आल्या. त्यांनी स्टूल ओढलं, मौनीकाकांच्या समोर ठेवलं आणि बसल्या.

“एक विचारायचं होतं,” त्या म्हणाल्या.

“हं.”

“त्या गोळ्या परत सुरू करू का?”

हातोडी हवेत थांबली.

“हसू नका. म्हणजे एखादीच. अर्धी.” काकूंनी पदर बोटाला गुंडाळला. “तुमचं तोंड आलं होतं तेच बरं होतं हो. आठ दिवस घरात माणूस होता. मी तीस वर्षं लोकांचं बोलणं जोडून दिलं. आता माझ्या घरात फोन ठेवलाय आणि पलीकडे नुसतं हं. मला माहितीये, काम आहे तुमचं. ते तुम्ही जिंकलंत. मला बरं वाटलं. पण मी विचारलं फक्त.”

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. पुतण्याने “आलो, आलो” म्हणून ओरडून सांगितलं आणि दारातच राहिला.

मौनीकाकांनी हातोडी गुडघ्यावर ठेवली. बायकोचा हात ओढला आणि तळवा वर केला. मान खाली घालून त्यावर एकेक खिळा सोडला. ओले, गरम. काकूंनी हात मागे घेतला नाही.

“सगळे?” त्यांनी विचारलं.

मौनीकाकांनी जिभेने एकदा उजवा गाल चाचपला. अजून एक निघाला.

“ती तुझी एक्स्चेंजची खुर्ची,” ते म्हणाले. “तिचं अर्धंच सांगितलं मी.”

“काय राहिलं?”

“साहेबाने सांगितलं होतं, नुसतं कापड बदला. मी तिच्यात काथ्या जास्त घातला. पुढच्या कडेला. तू पुढे सरकून बसायचीस ना, मांडीला लाकूड लागत असणार. कुणाला सांगितलं नाही. इतर अकरा जणींच्या खुर्च्या तशाच सोडल्या.”

काकू पुढे सरकल्या.

“मग दोन महिन्यांनी तू एकदा जेवताना म्हणालीस, की नवीन खुर्च्या बऱ्या आहेत. मला खरं तर तेव्हाच सांगायचं होतं. पण दिवसभर खिळे धरून जीभ दमली होती, आणि तोपर्यंत तू भांडी घासायला उठलीस. मग ते राहूनच गेलं. तशी पुष्कळ राहिलीत. तू त्या मास्तरांना ओळखतेस ना, ज्यांची पत्रं...”

पुतण्या दारातून मागे सरला. टेम्पोवाल्याला म्हणाला, “चला, एकेचाळीस घेऊन जा.”

“आणि अध्यक्षांची?”

“सांगा, एक राहिली.”

“उद्या त्यांच्या हस्ते सभागृहाचं पुन्हा उद्घाटन आहे. उभे राहणार का ते?”

“राहतील थोडा वेळ. बरं असतं.”

टेम्पो गेला. मागच्या खोलीतून एकच आवाज येत होता, अडखळत, मध्येच नाकातून हसत. हवेचं यंत्र कोपऱ्यात होतं. डावी कड दहा मिनिटांत झाली असती. पुतण्याने बंदूक उचलली, नळी गुंडाळली आणि ती खुंटीला टांगून ठेवली.

अध्यक्षांची खुर्ची मधोमध उभी होती. तीन बाजूंनी चामडं ताणलेलं, चौथ्या बाजूने ओठासारखं सुटलेलं. आतला पांढरा कापूस दिसत होता. पासष्ट खिळे मारायचे राहिले होते. त्यातले वीस काकूंच्या मुठीत होते.